जिल्हा परिषदेत मुरायला दहा वर्षं लागतात

आमच्या गटातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातून, २०१२ साली एक बाई जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के जागा देणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता आणि सोडतीत आमचा गट महिलेसाठी राखीव निघाला. तयारी खरं तर नवऱ्याची होती. वर्षभर लग्नं, दहावे, जत्रा त्यांनी एक चुकवली नव्हती. चिठ्ठी निघाली आणि अर्ज बाईंचा भरला गेला. गावात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. इथंही तेच म्हणेन.

पहिलं वर्षभर वहिनी सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेत बसायच्या. सभेचा अजेंडा घरी आला की नवरा वाचायचा आणि कुठं काय बोलायचं ते सांगायचा. एकदा शाळाखोल्यांच्या विषयावर सभापतींनी उलटा प्रश्न विचारला आणि वहिनींना उत्तर देता आलं नाही. सभागृहात हशा पिकला. ते त्यांच्या मनाला फार लागलं. त्या महिन्यापासून अजेंडा त्या स्वतः वाचू लागल्या, पेन घेऊन, रात्री स्वयंपाकघरातलं आवरल्यावर.

तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याबरोबर एका वाडीवरच्या शाळेत गेलो होतो. संरक्षक भिंतीचं काम पुरं झाल्याचा दाखला झाला होता, बिल निघायचं होतं. शाखा अभियंता हजर होते. वहिनींनी त्यांच्याकडून एमबी मागून घेतली. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची तिच्यात लिहितात आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल ठरतं. वहिनींनी पिशवीतून लांब टेप काढली, एक टोक मला धरायला लावलं आणि दुसरं घेऊन त्या भिंतीच्या कडेकडेनं बाभळीपर्यंत चालत गेल्या. भिंत अडतीस मीटरला संपली. पुस्तिकेत पंचेचाळीस होते. "साहेब, वरचे सात मीटर कुठं आहेत?" एवढंच त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. आठ दिवसांत गवंडी परत आले आणि भिंत बाभळीच्या पलीकडे गेली.

२०१७ च्या सोडतीत गट खुला झाला. वहिनींनी तिकीट मागितलं. जागा आता खुली आहे, बाईला कशाला, असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं. नवे सदस्य आले. माणूस वाईट नव्हता. पण एमबी म्हणजे काय हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकावं लागणार होतं. ते शिकत असतानाच मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी प्रशासक म्हणून सरकारी अधिकारी आला.

टेप धरायला शिकलेलं माणूस आपण पाच वर्षांनी घरी पाठवतो, आणि हे एकाच गटाचं दुर्दैव नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषद सदस्य किंवा नगरसेवक हे काम जन्मभर मन लावून करण्याजोगं राहू नये, अशीच सगळी मांडणी आपण करून ठेवली आहे. नियम त्याच बाजूचे, पक्षही त्याच बाजूचे, आणि सवय म्हणून आपण मतदारही. यात आपलं मोठं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे स्थानिक पुढाऱ्याची गोष्ट नेहमी पायरीची म्हणून सांगितली जाते. अमुक नेते सरपंच होते, मग पंचायत समितीत गेले, मग आमदार झाले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर. ही उदाहरणं खरी आहेत आणि ती सांगितलीही पाहिजेत. पण ती सांगताना खालची पायरी फक्त वर जाण्यापुरती उरते. जो माणूस तिथंच वीस वर्षं राहून चांगलं काम करतो त्याला आपण 'पुढे जाऊ शकला नाही' म्हणतो. शाळेत तीस वर्षं उत्तम शिकवणाऱ्या गुरुजींना कोणी शिक्षणाधिकारी झाला नाहीत म्हणून हिणवत नाही. नगरसेवकाला मात्र हिणवतो.

आर. आर. पाटलांचं उदाहरण मला नेहमी आठवतं, आणि त्यातली अडचणही आठवते. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आबा १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० पर्यंत सदस्य राहिले. १९९० मध्ये ते आमदार झाले, १९९९ मध्ये ग्रामविकास मंत्री. दुसऱ्याच वर्षी त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ते अभियान नीट पाहिलं तर ते मंत्रालयात बसून सुचण्यासारखं नाही. गावाला निधी देऊन स्वच्छता करून घ्यायची असं त्यात नव्हतं. गावानं श्रमदान करायचं, शेजारच्या गावाशी चढाओढ करायची, तपासणीला पथक येणार म्हणून रात्री जागायचं, आणि तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात नंबर आला तर बक्षीस घ्यायचं. गावाला काय झोंबतं आणि गाव कशानं पेटून उठतं हे ज्याला माहीत आहे त्याचीच ही आखणी. आमच्या गावात तेव्हा मास्तर, तलाठी, पाटील सगळे खराटे घेऊन उतरले होते. गटाराच्या कडेला चुना मारताना मी माझ्या चुलत्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली आली, तीही याच ओळखीतून. अकरा वर्षं जिल्हा परिषदेत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की बांधाच्या भांडणात दोन घरं पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

अडचण अशी, की ती अकरा वर्षं आबांना मिळाली ती निवडणुका झाल्या नाहीत म्हणून. १९७९ नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. तेरा वर्षं. त्या काळात ज्या तरुणांना मत द्यायचं होतं, उभं राहायचं होतं, त्यांचा तो हक्क बुडाला. म्हणजे एकाला मुरायला वेळ मिळाला तो हजारोंचा हक्क थांबवून. हे मी समर्थनीय मानत नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसते ती दिसतेच: या कामाला वेळ लागतो. प्रश्न तो वेळ लोकांच्या मतानं कसा मिळेल, हा आहे.

वेळ का लागतो? जिल्हा परिषदेचा सेस फंड म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न. त्यातले वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे नियम पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण वर्षाच्या शेवटी ते वीस टक्के 'खर्ची पडले' असं कागदावर दिसतं तेव्हा ते खरोखर कुठल्या वस्तीत पडले हे विचारायला दोन-तीन मार्च महिने बघावे लागतात. कुठल्या योजनेचे पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली पडून आहेत, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यात फाईल नेमकी कुठं बसते, एकाच रस्त्याला दोन योजनांतून मंजुरी घेतलेली कशी ओळखायची, कुठला कारकून सांगतो ते खरं असतं. यातलं काहीच पुस्तकात नाही. नगरपालिकेत तर आणखी वेगळं. कुठल्या गल्लीत पाण्याची लाईन चार इंची आहे आणि कुठं तीन इंची, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढतं, हे व्हॉल्व्हमनला माहीत असतं आणि पहाटे पाचला त्याच्याबरोबर हिंडलेल्या नगरसेवकाला माहीत असतं. मुख्याधिकाऱ्यांची तीन वर्षांत बदली होते. ज्ञान गावात राहायचं तर ते निवडून आलेल्या आणि पुन्हा निवडून आलेल्या माणसातच राहणार.

आणि या जागेची ताकद लहान नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारनियुक्त सदस्य. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेनं पैसा उधळावा याला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लिहिलं. एवढी मोठी बुद्धी आणि एवढं मोठं काळीज असलेल्या माणसानं आयुष्यातली सहा वर्षं शहराच्या हिशेबात घातली, ती त्यांना कमीपणाची वाटली नाहीत.

महाडची गोष्ट तर प्रत्येक नगरसेवकाला पहिल्या दिवशी सांगावी अशी आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी खर्चानं बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. मुंबईत ठराव झाला तरी तळं महाडमध्ये होतं आणि त्याची मालकी नगरपालिकेकडे. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. त्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसं होती, म्हणून तो झाला. ठराव झाला तरी तळ्यावर कोणाला जाऊ दिलं गेलं नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. आणि मग त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

एका छोट्या गावच्या नगरपालिकेत कोण बसलंय, एवढ्यावर माणसाला पाणी मिळणं-न मिळणं ठरत होतं. तिथं कणा असलेली माणसं होती तेव्हा एक ठराव झाला, दबाव आला तेव्हा तो ठराव पुसला गेला. मुंबईचं कायदेमंडळ दोन्ही वेळा तेच होतं. वरचा कायदा कितीही चांगला असो, तो गल्लीत उतरवणारं माणूस तिथं बसलेलं हवं आणि टिकलेलं हवं.

महाराष्ट्रानं हे एकेकाळी नीट ओळखलं होतं. बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज सुचवलं, त्यात भर तालुक्याच्या पातळीवर होता. राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिनं सांगितलं की खरी ताकद जिल्ह्याला द्या. पुसदसारख्या गावाचं नगराध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाची ती समिती होती हे मला महत्त्वाचं वाटतं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला त्यातून बाहेर ठेवलं, वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला, आमदार-खासदारांना सदस्य केलं नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, पशुसंवर्धन सगळं जिल्हा परिषदेकडे. जुनी माणसं अजून सांगतात, अध्यक्षांची गाडी आली की गावात मंत्री आल्यासारखं वाटायचं.

पुढं एकेक खातं, एकेक योजना काढून घेतली गेली. जिल्हा नियोजन समितीत बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून आलेले असतात, पण अध्यक्ष पालकमंत्री. निधी कुठं जायचा हे तिथं ठरतं. गटातल्या रस्त्याचा नारळ आमदार फोडतो आणि सदस्य बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतो. मग हुशार तरुणानं तिथं कशासाठी राहावं? तो आल्या दिवसापासून विधानसभेकडे डोळे लावून बसतो. आमदाराला एका मुदतीनंतर निवृत्तिवेतन आहे. पंचवीस वर्षं नगरसेवक राहिलेल्याला काही नाही. पैशासाठी माणसं इथं येतात असं म्हणायची आपल्याला घाई असते, पण प्रामाणिक माणसानं घर कसं चालवायचं याचं उत्तर आपण देत नाही. ज्याच्याकडे पेट्रोल पंप आहे, ठेकेदारी आहे, वडिलांची इस्टेट आहे, तोच मग टिकतो.

आणि टिकू न देणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दर निवडणुकीला हलणारी जमीन. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा असं २००१ मध्ये झालं, मग रद्द झालं, २०१६ मध्ये परत आलं, महाविकास आघाडीनं काढलं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. सरपंचाचंही तेच: २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये परत थेट. महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग, मग तीनचा निर्णय, मग पुन्हा चार. चारच्या प्रभागात तुंबलेल्या गटारासाठी नेमकं कोणाला धरायचं हे मतदाराला कळत नाही, आणि कोणाच्या कामाचं श्रेय कोणाला हे नगरसेवकालाही कळत नाही. यातला प्रत्येक बदल ज्या सरकारनं केला त्याला तो त्या वेळी सोयीचा होता. नगरसेवकाचं काम नीट व्हावं म्हणून केलेला त्यात एकही मला दिसत नाही.

आता फिरत्या आरक्षणाकडे येतो. हा विषय जपून बोलायचा आहे, कारण आरक्षणाविरुद्ध बोलायला टपलेली माणसं पुष्कळ आहेत आणि माझा शब्द त्यांच्या कामी यावा असं मला वाटत नाही. आरक्षण नसतं तर वहिनी त्या सभागृहात गेल्याच नसत्या. दलित सरपंचाला झेंडावंदनाचा मान मिळाला तो आरक्षणामुळे. माझी तक्रार आहे ती जागा दर पाच वर्षांनी फिरवण्याबद्दल. ज्या बाईला पाच वर्षांत काम उमगलं तिची जागा नेमकी तेव्हाच खुली होते आणि पक्ष तिला तिकीट देत नाहीत. ज्या खुल्या जागेवरच्या सदस्यानं काम नीट केलं त्याची जागा राखीव होते. तो पुन्हा त्याच मतदारांपुढं उभा राहू शकत नाही आणि तिला उभं राहू दिलं जात नाही. मग मतदाराला हिशेब मागायची संधी कुठं? आणि पुन्हा इथून उभंच राहायचं नाही हे माहीत असेल तर शेवटच्या दोन वर्षांत माणूस गटाकडे बघेल का?

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. राखीव जागा वेगवेगळ्या मतदारसंघांत फिरवता येतील एवढंच संविधानात म्हटलं आहे. किती वर्षांनी, ते लिहिलेलं नाही. ते राज्यानं ठरवायचं आहे. तामिळनाडूनं दहा वर्षं एका जागी आरक्षण ठेवायची तरतूद केली. आपणही करावी. दहा वर्षं म्हणजे दोन मुदती: पहिलीत शिकायचं, दुसरीत ते वापरायचं, आणि मधल्या निवडणुकीत मतदारानं पहिलीचा हिशेब घ्यायचा. स्त्रिया आणि मागासवर्गीय सदस्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होईल, कारण पाच वर्षांच्या फेऱ्यात 'सदस्यपती' आणि मागून सूत्रं हलवणारा गावपुढारी यांचंच फावतं. पहिल्या मुदतीत नवरा अजेंडा वाचतो. दुसऱ्या मुदतीत बाई स्वतः वाचते. ती दुसरी मुदत आपण तिच्याकडून काढून घेतो.

एकाच जागी माणूस राहिला तर काय होतं हे हिवरे बाजारात दिसलं आहे. पोपटराव पवार १९८९ पासून तिथल्या ग्रामपंचायतीच्या कामात आहेत. सरपंचपद राखीव झालं तेव्हा ते उपसरपंच राहिले, काम तुटलं नाही. पाणलोटाची कामं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवणं, बोअरवेलवर आणि उसावर बंधन. यातली एकही गोष्ट पाच वर्षांत रुजत नाही. पहिली दोन वर्षं लोक नावं ठेवतात. ग्रामपंचायतीत सात सदस्य आणि एकमेकांवर विश्वास, म्हणून तिथं हे जमलं. जिल्हा परिषदेच्या गटात, जिथं एकच जागा असते, तिथं नियमच आडवा येतो.

यावर लोक म्हणतील, जास्त वर्षं बसू दिलं तर घराणी तयार होतील, टक्केवारी पक्की होईल. ही भीती खोटी नाही. मी तशी माणसं पाहिली आहेत. बिलाच्या प्रत्येक टप्प्यावर ठरलेला हिस्सा घेणारी, आणि गट राखीव झाला की बायकोला, मग सुनेला, मग ड्रायव्हरला उभं करणारी. पण नीट बघा, आजच्या पाच वर्षांच्या फेऱ्यात ती माणसं कमी झाली का? तीच तर टिकली. फेरा मोडतो तो एकट्यानं आलेल्या माणसाला. ज्याच्यामागे घर, पैसा आणि माणसं आहेत त्याला सोडत कुठलीही निघाली तरी चालते. घराण्यावर औषध एकच आहे, घराणं नसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा निवडून यायची वाट मोकळी असणं.

दुसरं म्हणणं मी गेल्या चार वर्षांत फार ऐकलं: प्रशासक होते तेव्हा कामं बरी होत होती, कटकट नव्हती. आधी हा प्रशासक आला कसा ते आठवू. संविधानानं पंचायत आणि नगरपालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली आहे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. १९७९ ते १९९२ सारखं पुन्हा होऊ नये म्हणूनच ते लिहावं लागलं. तरीही ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल आणि न्यायालयातल्या तारखा यात मुदती उलटून गेल्या. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं नसतं तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. ज्या मुलीनं २०१७ च्या मतदानानंतर लगेच अठरा पुरी केली, तिनं वयाच्या पंचविशीपर्यंत आपल्या शहराच्या कारभारासाठी एकदाही मत दिलं नव्हतं.

प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभा म्हणजे एक अधिकारी. प्रस्ताव तोच मांडतो, मंजुरी तोच देतो, अंमलबजावणी त्याच्याच हाताखाली. अधिकारी चांगला असला तर काही कामं झपाट्यानं होतात, हे मी पाहिलं आहे आणि नाकारत नाही. पण आमच्या वाडीवरच्या म्हातारीनं रेशनचा, घरकुलाचा, पाण्याचा कागद घेऊन जायचं कोणाकडे? जिल्ह्याच्या ठिकाणी, सत्तर किलोमीटर, एसटी बदलून, आणि तिथं शिपाई सांगणार साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत आहेत. सदस्याच्या ओट्यावर ती सकाळी सातला जाऊन बसायची आणि चहा घेऊन कागद देऊन यायची. कटकट म्हणतात ती हीच. ती नको असेल तर स्थानिक स्वराज्य हा शब्दही नको.

चार वर्षांच्या त्या खंडानं सेवा बिघडल्या याची चर्चा बरीच झाली. एक पिढी घडायची राहून गेली याची झाली नाही. जी पंचविशीतली मुलं-मुली २०२२ मध्ये पहिल्यांदा उभी राहणार होती ती आज तिशीत आहेत. काहींनी पुण्याला नोकऱ्या धरल्या, काही कुठल्यातरी आमदाराची समाजमाध्यमं सांभाळतात. त्यांनी सभागृहात बोलायचं होतं ते रीलमध्ये बोलायला शिकले.

मग करायचं काय, तर फार अवघड काही नाही. आरक्षण दहा वर्षं एका जागी ठेवा. एका प्रभागाला एकच नगरसेवक द्या, म्हणजे गटार तुंबलं तर दार माहीत असेल. निवडणुकीच्या पद्धतीत एकदा जे ठरेल ते दोन मुदती कोणी बदलू नये असा कायदा करा. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे द्या. जिल्ह्यानं निवडलेल्या सदस्यांचा तो प्रमुख आहे, पालकमंत्री अनेकदा दुसऱ्या जिल्ह्याचा असतो. सदस्याला घर चालेल एवढं मानधन द्या आणि त्या बदल्यात ठेकेदारीशी त्याच्या घरातल्या कोणाचाही संबंध दिसला तर पद काढून घ्या, खरोखर काढून घ्या. पक्षांना माझी एकच विनंती: जागा खुली झाली म्हणून काम येणाऱ्या बाईचं नाव यादीतून काढू नका.

वहिनी आता घरचं दुकान बघतात. गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या शेजारच्या नगरपालिकेची निवडणूक झाली आणि त्यांच्या माहेरच्या नात्यातली एक सव्वीस वर्षांची मुलगी नगरसेविका झाली. निकालानंतर चार दिवसांनी ती पेढे घेऊन आली होती. मी दुकानात तेल घ्यायला गेलो तेव्हा दोघी गल्ल्यामागे बसल्या होत्या. वहिनींनी जुनी वही काढली होती, पाच वर्षांतल्या सभांची, निळ्या पेनानं लिहिलेली, आणि तिला विचारत होत्या, "तुमच्याकडं काँक्रीट रस्त्याची जाडी कोण मोजतं? मोजताना तू तिथं असतेस का?" मुलगी म्हणाली, अजून एकही मीटिंग झाली नाही. वहिनी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि टेप घेऊन आल्या.